मुलाच्या हातची वस्तू आणि आपला शब्द

चवथीच्या आधीच्या पंधरवड्यापासून दिवाळीच्या पहाटेपर्यंतचा काळ हा आमच्या गोमंतकात मुलांच्या हातांचा मोसम असतो. माळ्यावरून माटोळीची चौकट खाली येते. कांगल्या, कवंडळे, अंबाडे आणि सुपारीची शिपटी कोणी कोठे बांधायची याची वाटाघाट चालते. पुठ्ठा कापून मखर उभे राहते. पुढे नवरात्र सरले की बांबूच्या कामट्या तासून आकाशकंदील होतात आणि अखेरीस वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. शाळांतून याच जातीच्या कामास 'प्रकल्प' असे नाव मिळाले आहे. २०२१ साली गोवा सरकारने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी संगणकाच्या आज्ञावलीचे आणि यंत्रमानवशास्त्राचे शिक्षण सुरू केले. त्यामुळे पेडणे आणि डिचोलीकडच्या खेड्यांतील मुलांच्या हाती आता कामटी आणि खळ यांच्या जोडीला तारा व छोट्या मोटारीही आल्या आहेत. साधने बदलली तरी व्यवहार एकच आहे. डोक्यात एक कल्पना यावी, ती हाताने उभी करून पाहावी, पडली तर का पडली हे शोधावे आणि पुन्हा उभी करावी.

या व्यवहारात एक क्षण असा येतो की मूल हातातली वस्तू घेऊन आपल्यासमोर येऊन उभे राहते. बहुधा ते काही बोलत नाही; वस्तू किंचित पुढे धरते आणि आपल्या तोंडाकडे पाहते. त्या क्षणी आपण काय बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी घरगुती आहे. कोणी म्हणेल, तो शिक्षकांच्या पद्धतीचा प्रश्न आहे. कोणी म्हणेल, त्यात विचार करण्यासारखे आहे काय, चार गोड शब्द बोलावे आणि आपल्या कामास लागावे. आमच्या मते तो नीतीचा प्रश्न आहे. ज्याच्या कृतीविषयी आपण बोलणार, त्याच्यापेक्षा आपले वय, बळ आणि मान ही तिन्ही मोठी आहेत. आपले बोलणे खरे की खोटे, नेमके की उडते, हे पारखण्याचे साधन त्याच्यापाशी अद्याप नाही. ते आपला शब्द जसाच्या तसा उचलते आणि पुढची वस्तू त्या शब्दाकडे पाहून घडवते. आणि हा शब्द केवळ आईबापांचा किंवा गुरुजींचा राहिलेला नाही. देवस्थानांच्या समित्या, उत्सवमंडळे आणि वाड्यांवरची युवकमंडळे दरवर्षी मुलांच्या स्पर्धा घेतात, परीक्षक बोलावतात, निकाल ध्वनिक्षेपकावरून पुकारतात. म्हणून देवळाभोवती जमणाऱ्या आपणां सर्वांनाच या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे.

पेडणे तालुक्यातील एका गावी, गावाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, काही वर्षांपूर्वी एका वाड्यावरच्या नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांनी मिळून नरकासुर केला होता. अंगात सुके गवत, वर गोणपाट, पायांस बांबू. मुखवट्यासाठी त्यांनी एक मोडके सूप घेतले होते आणि त्यावर कागदाचे थर चढवून नाक, गाल आणि ओठ उठवले होते. काम ओबडधोबड होते. परंतु त्या तोंडाचे कोपरे खाली वळलेले होते, भुवया मध्यभागी उचललेल्या होत्या आणि दोन्ही गालांवर चांदीच्या कागदाचे थेंब चिकटवलेले होते. नरकासुर रडत होता. आम्ही रात्री तिकडून जाताना थांबलो आणि त्यांच्यापैकी एकास कारण विचारले. तो म्हणाला, "ताका खबर आसा, फांतोडेर आपूण मरतलो."

नरकासुर हा भूदेवीचा पुत्र. मरतेसमयी त्याने वर मागितला की, या तिथीस जो मंगलस्नान करील त्यास नरकाची पीडा होऊ नये. ही कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. जो स्वतः मारला जात आहे तो इतरांच्या सुटकेचे मागणे मागतो, या एका गोष्टीवर एखाद्या व्युत्पन्न कीर्तनकाराने तासभर निरूपण केले असते. मोडक्या सुपावर खळ लावीत बसलेल्या त्या पोरांनी ती गोष्ट आपल्या बुद्धीने पकडली होती आणि चांदीच्या कागदाने सांगितली होती.

अकराच्या सुमारास परीक्षक आले. त्यांच्याजवळच्या कागदावर चार रकाने होते: उंची, उग्रपणा, सजावट, हालचाल. माणसे भली होती. दिवसभराचे काम टाकून, पदरचे तेल जाळून वाड्यावाड्यांवरून फिरत होती. त्यांपैकी एकजण हसून म्हणाला, "अरे, नरकासुर कसला हा? हा तर परीक्षेत नापास झालेला पोर!" सर्व मंडळी हसली. मुलेही हसली, आणि ज्याने आम्हांस कारण सांगितले होते तोही हसला. उग्रपणाच्या रकान्यात जे गुण पडायचे ते पडले.

दुसऱ्या वर्षी त्याच वाड्यावर त्याच मुलांचा नरकासुर पाहिला. मुखवटा म्हापशाच्या बाजारातून आणलेला, सुळे बाहेर आलेले, डोळ्यांच्या जागी तांबडे दिवे. त्यास तिसरे बक्षीस मिळाले आणि मुलांचा आनंद पोटात मावेना. आम्ही मागच्या रडणाऱ्या तोंडाची आठवण काढली, तेव्हा उत्तर आले, "रडप्या नरकासुराक इनाम मेळना." त्यात रुसवा नव्हता, दुःखही नव्हते, बाजारात कोणता जिन्नस खपतो हे सांगणाऱ्या दुकानदाराचा तो स्वर होता.

या प्रसंगात अन्याय कोठे झाला, असे कोणी विचारील. कठोर शब्द कोणी बोलले नाही. निकालात पक्षपात नव्हता. ठरलेल्या मापाने मोजले आणि मोजणी बरोबर होती. मुले दुखावली नाहीत, उलट पुढल्या वर्षी बक्षीस घेऊन सुखी झाली. आम्हांस जे खुपते ते हेच, की या सर्व व्यवहारात कोणालाही काही गमावल्याची जाणीव झाली नाही. पहिल्या वर्षी ती मुले नरकासुराचा विचार करीत होती. दुसऱ्या वर्षी ती परीक्षकाचा विचार करीत होती. हा पालट एका विनोदाने आणि एका रकान्याने घडवून आणला, आणि तो घडला हे गावात कोणास कळलेही नाही.

हा केवळ आमच्या गावचा अनुभव असता तर त्याचा एवढा बाऊ करण्याचे कारण नव्हते. मानसशास्त्रज्ञांनी हा विषय पुष्कळ वर्षे तपासला आहे. अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतील अशी मुले निवडली की ज्यांस रंगीत लेखण्यांनी चित्रे काढण्याची मुळातच गोडी होती. काहींस आधीच सांगितले की चित्र काढल्यास सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींस ते न सांगता नंतर दिले. काहींस दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी त्याच लेखण्या पुन्हा वर्गात ठेवल्या, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ त्यांत रमली. बोली न करता ज्यांना प्रशस्तिपत्र मिळाले होते त्यांची गोडी मात्र शाबूत होती. पुढे १९८२ साली टेरेसा अमाबिले यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलींकडून रंगीत कागदांची चिकटचित्रे करून घेतली. एका गटास सांगितले की उत्तम कामांस बक्षिसे आहेत. दुसऱ्या गटास सांगितले की बक्षिसे चिठ्ठ्या टाकून द्यावयाची आहेत. चित्रे नंतर कलावंतांना दाखवली असता स्पर्धेच्या गटाची चित्रे त्यांना कमी कल्पक वाटली. मुलींची संख्या थोडी होती आणि अशा प्रयोगांवर पुढे वादही बरेच झाले. १९९६ साली आयझेनबर्गर आणि कॅमेरॉन यांनी असे मांडले की बक्षिसाने होणारी हानी ठरावीक परिस्थितीतच होते आणि ती टाळता येते. ही शंका आम्ही मोकळेपणी मान्य करतो. बक्षीस म्हणजे विष असे आमचे म्हणणे नाही.

परंतु एक प्रयोग असा आहे की तो प्रत्येक शिक्षकाने आणि परीक्षकाने लक्षात ठेवावा. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. काही मुलांस त्यांच्या कामावर केवळ लेखी अभिप्राय दिला, काहींस केवळ गुण दिले, आणि काहींस गुण व अभिप्राय दोन्ही दिले. ज्यांना केवळ अभिप्राय मिळाला त्यांची कामाची गोडी टिकली आणि कामही सुधारले. दोन्ही मिळालेल्यांचे काय व्हावे? आपणांस वाटेल, त्यांचा दुहेरी लाभ झाला असेल. तसे झाले नाही. त्यांची गत केवळ गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की डोळा तेथे खिळतो आणि शेजारच्या चार ओळी वाया जातात. वहीवरचा शेरा मुले कशी वाचतात हे ज्याने पाहिले असेल त्यास यात नवल वाटू नये.

मग काय करावे? काहीच बोलू नये? की प्रत्येक वस्तूस 'वा, छान!' म्हणावे? दुसरा उपाय आज फार लोकप्रिय आहे. पूर्वीची माणसे मुलाची तोंडावर स्तुती करण्यास कचरत. दृष्ट लागेल म्हणून म्हणा, पोर शेफारेल म्हणून म्हणा. आताची पिढी दुसऱ्या टोकास गेली आहे. 'छान' हा शब्द आम्हांस कित्येकदा दार लोटून घेण्याच्या आवाजासारखा वाटतो. वस्तूकडे अर्धे पाहायचे, 'छान' म्हणायचे आणि मुलास वाटेस लावायचे. मुलास हे समजत नाही असे मानणे भोळेपणाचे आहे. ज्या कंदिलाची एक बाजू फाटली आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असते, त्याच कंदिलास आपण 'फार सुंदर' म्हणतो, तेव्हा मूल आपल्याविषयी एक गोष्ट शिकते: या माणसाने पाहिलेच नाही.

'हुशार' या शब्दाचेही तसेच. १९९८ साली म्युलर आणि ड्वेक यांनी दाखवून दिले की, काम चांगले झाल्यावर 'तू हुशार आहेस' असे ज्या मुलांस सांगितले, ती पुढे सोपे काम निवडू लागली आणि एकदा अपयश येताच खचली. 'तू मेहनत घेतलीस' असे ज्यांस सांगितले ती अवघड कामास भिडली. हुशारी एकदा पदरी पडली की ती सांभाळावी लागते, आणि नव्या कल्पनेत तर ती हरवण्याचा धोका पदोपदी असतो. जाता जाता आणखी एक सांगतो. मुलग्यांच्या कामास आपण 'धाडसी', 'जबरदस्त' म्हणतो. मुलींच्या कामास 'सुबक', 'नीटनेटके'. आठ-दहा वर्षे रोज 'सुबक' ऐकलेल्या मुलीने एके दिवशी वेडीवाकडी पण नवी रेघ ओढावी, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

आपल्या भाषेत या बाबतीत दोन शब्द मोठे बोलके आहेत. एक 'नावे ठेवणे'. बाळास नाव ठेवणे हा संस्कार आणि दुसऱ्याच्या कामास नावे ठेवणे हा दुर्गुण, पण क्रियापद तेच. वस्तू काय आहे हे तिच्या कर्त्याने सांगण्याआधी आपणच तिला नाव देऊन मोकळे होतो, 'नापास झालेला पोर' म्हणतो, हीच निंदेची सुरुवात. दुसरा शब्द 'कौतुक'. आज त्याचा अर्थ स्तुती इतकाच उरला आहे. जुन्या मराठीत त्याचा अर्थ नवल, कुतूहल, लीला असा होता. कौतुकाने पाहणे म्हणजे हे काय आहे, कसे झाले, असे वाटून पाहणे. स्तुती ही पाहणे संपल्यावर येते. कौतुकात पाहणे चालूच असते. मुलास हवे असते ते हे जुने कौतुक.

डिचोली तालुक्यातील दुसरी एक हकीकत येथे आठवते. एका मुलाने शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचे देऊळ केले होते. खाली चौकोनी गाभारा, त्यावर अष्टकोनी भिंत, तिच्यावर घुमट आणि अंगणात मजल्यांचा दीपस्तंभ. घुमट साधावा म्हणून त्याने फुगा फुगवून त्यावर कागद चढवले होते. पाहणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी प्रेमाने दुरुस्ती सांगितली: "देवळाला घुमट नसतो बाळ, शिखर असते." पोराने रात्रीतून घुमट काढून पुस्तकातल्यासारखे निमुळते शिखर बसवले. वाचकांपैकी जे नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या दर्शनास गेले असतील, त्यांस त्या गाभाऱ्यावरील घुमटाची आठवण सहज होईल. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला, आणि घुमट व दीपस्तंभ ही तर गोमंतकातील देवळांची खूणच आहे. त्या मुलाने आपल्या गावच्या देवळाकडे डोळे उघडून पाहिले होते. दुरुस्ती सांगणाऱ्याने पुस्तकाकडे पाहिले होते. चूक वाटणारी गोष्ट ही पुष्कळदा मुलाने स्वतः पाहिलेली गोष्ट असते. 'हे असे का केलेस?' एवढे विचारले असते तर मुलगा बोट करून देऊळ दाखवता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आमच्या परंपरेतील कारागिरी गोंजारून शिकवलेली नाही. मूर्तीस प्रमाण असते, सोंडेस वळण असते. मुलाच्या मनास येईल ते देवाच्या मूर्तीस चालत नाही. मग कठोर दुरुस्तीने त्या घरांतील मुलांची कल्पकता कशी मारली गेली नाही?

याचे उत्तर शोधण्यासाठी चवथीच्या आधी एखाद्या चित्रशाळेत जाऊन तासभर बसावे. तेथे मूल प्रथम माती मळते. मग उंदीर, मोदक, पाट अशी लहान कामे त्याच्याकडे येतात. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती मुख्य कारागिराच्या हातची. दुरुस्ती तेथे पदोपदी होते व ती गोड शब्दांत मुळीच नसते. 'कान खाली आला', 'पाणी जास्त झाले', 'हा उद्या तडकेल'. मात्र यातील एकही वाक्य मुलाविषयी नाही. प्रत्येक वाक्य मातीविषयी आहे. ते बोलणाऱ्याचे स्वतःचे हातही मातीने भरलेले आहेत. आणि सर्वांत मोठी गोष्ट, ते बोलले जाते तेव्हा माती ओली असते. गणपतीची माती भाजावयाची नसते. चुकलेला उंदीर पुन्हा पाण्यात भिजवून गोळा करता येतो आणि त्याच मातीचा दुसरा उंदीर होतो. चित्रशाळेतील कठोरपणा मुलास सोसतो, कारण त्या शब्दानंतर करण्यासारखे काहीतरी हातात उरते.

याउलट नरकासुराचे परीक्षक येतात रात्री अकराला. खळ वाळलेली असते, गोणपाट शिवून झालेले असते, पहाटे तर त्याला जाळायचेच असते. त्या घटकेस उच्चारलेला शब्द कितीही शहाणपणाचा असला तरी तो न्यायनिवाडा असतो. त्याने त्या वस्तूत काडीचाही फरक पडू शकत नाही, फरक पडतो तो केवळ मुलात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी शहरातल्या आणि खेड्यातल्या, मराठी माध्यमाच्याही, मुलांकडून पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्या अशा वस्तू करून घेतल्या. त्या कामात वस्तू करण्याआधी कागदावर आराखडा काढणे आणि तो सोबत्यांपुढे मांडणे हा कामाचाच एक भाग होता. सोबत्याने 'याचा बंद तुटेल की' म्हटले तर अद्याप काहीच तुटलेले नसते.

शिवाय, माणसाने बोलण्यापूर्वी वस्तू स्वतःच बोलत असते, ही गोष्ट आपण विसरतो. कंदिलाची एक कामटी जड झाली तर तो टांगताच कलतो. माटोळीत एका बाजूस नारळ अधिक झाले तर चौकट तिरपी होते. मोटारीच्या तारा उलट्या जोडल्या तर चाक मागे फिरते. यात अपमान नाही, तुलना नाही, शेजारच्या मुलाचे उदाहरण नाही. मारिया मोंटेसोरी १९३९ साली भारतात आल्या व युद्धकाळात येथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीतील साधने मुळातच अशी घडवलेली असतात की चूक मुलास साधनच दाखवते. ती पद्धत मराठी मुलखात रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगरावर शिंपल्या, बिया, पाने आणि दगड यांनाच साधने केले. ज्या मुलास वस्तूचे बोलणे ऐकू येऊ लागले, त्यास आपल्या बोलण्याची गरज हळूहळू कमी होत जाते. कंदील कलण्याआधीच 'तो कलेल' म्हणून सांगणारा बाप वस्तूच्या तोंडचा शब्द काढून घेतो. आणि मुलाच्या हातून कामटी घेऊन स्वतः ती बांधणारा तर न बोलता सर्वांत कडक शेरा देतो. शाळेतून आलेला प्रकल्प रात्री जागून पुरा करणाऱ्या आया आणि बाप आपल्या गावांत थोडे नाहीत. सकाळी मूल ती सुंदर वस्तू शाळेत नेते, आणि ती आपली नाही हे त्याला ठाऊक असते.

आपल्या देवळांतून कौल घेण्याची रीत आहे. देवास पाकळ्या लावल्या जातात, गाऱ्हाणे घातले जाते आणि पाकळी उजवी पडते की डावी याची वाट पाहत मंडळी उभी राहते. या रीतीतील एक गोष्ट आमच्या मनास फार पटते. देवापुढे येणारा आपला प्रश्न स्वतः घेऊन येतो. तो नीट मांडावा लागतो. घरी बसून चार वेळा मनाशी घोळावा लागतो. न विचारलेल्या प्रश्नाचा कौल देव देत नाही. मुलाच्या वस्तूविषयी आपण मात्र न विचारलेल्या दहा प्रश्नांची उत्तरे एका दमात देतो, आणि त्याच्या मनातील अकरावा प्रश्न तसाच राहतो. 'तुला यात काय करायचे होते?' असे विचारून थांबलो, खरोखरच थांबलो, तर बहुतेक मुले आपला प्रश्न सांगतात. त्या प्रश्नाचे उत्तर मग खरे द्यावे, कडू असले तरी द्यावे. सत्य आणि प्रिय यांचा मेळ घालण्याची जुनी अडचण अशा वेळी बरीच हलकी होते, कारण ज्याने स्वतः विचारले आहे त्यास खरे उत्तर सहसा बोचत नाही.

स्पर्धा बंद कराव्या असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते. तिच्यामुळे रानातल्या ज्या वेली आणि फळे यांची नावे आजीबरोबर जायची होती, ती शोधत आज तरुण मुले डोंगर पालथे घालतात. येथेही माप आहे, पण त्या मापाने मुलाचे डोळे रानाकडे वळतात. उग्रपणाच्या रकान्याने ते बाजारातल्या मुखवट्याकडे वळतात. माप ठरवणारा माणूस आपण केवळ गुण ठरवतो आहोत असे समजतो. वस्तुतः पुढल्या वर्षी शेदोनशे मुले कोठे पाहतील, हे तो ठरवत असतो.

म्हणून समित्यांस आमची विनंती लहानशीच आहे. परीक्षकांपैकी एकाने तरी आदल्या दिवशी, नरकासुराच्या अंगात गवत भरले जात असताना, वाड्यावर एक फेरी मारावी. गुण न देता, केवळ पाहण्यासाठी व विचारण्यासाठी. मुखवटा विकतचा असल्यास स्पर्धेची यादी वेगळी करावी. ध्वनिक्षेपकावरून निकाल पुकारताना विनोद करू नये. आणि कागदावरच्या चार रकान्यांशेजारी एक पाचवा, कोरा रकाना आखावा. त्यात गुण नसावेत. हे असे का केले, असे विचारल्यावर मुलांनी जे सांगितले ते परीक्षकाने त्यांच्याच शब्दांत, कोकणीत असेल तर कोकणीत, त्यात लिहावे, आणि दिवाळी सरल्यावर तो कागद त्या वाड्यावरच्या मुलांच्या हाती परत द्यावा.